बॅलेच्या शाळेची तक्तपोशी

१९९८ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती आणि लाकडी होड्या बंद पडत चालल्या होत्या. लोकांना फायबरच्या होड्या हव्या झाल्या. फायबरची होडी म्हणजे प्लास्टिकची बादली, जरा लांबट केलेली. तिच्यात बसून लोक मासे मारतात, मारोत बापडे. मी काही फायबरला हात लावला नाही. त्यामुळे खाडीकडेची माझी शेड, जिच्यात एका वेळी दोन मोठ्या होड्या उभ्या राहायच्या, ती रिकामी पडली आणि आमची म्हातारी तिच्यात लाकूडफाटा भरायच्या गोष्टी करू लागली.

त्या शेडवर मास्तरणीचा डोळा गेला.

मास्तरीण इथलीच, टेकडीवरच्या आळीतली. लहानपणी मुंबईला गेली, तिथे बॅले नावाचा नाच शिकली, पुढे परदेशात जाऊन नाचली आणि गुडघा गेल्यावर आईबापाच्या घरात परत येऊन राहिली. हातात कायम एक काठी. ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. शेडमध्ये शिरली, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाली, मेस्त्री, मधे एकही खांब नाही, मला हीच जागा हवी, शाळा काढायची आहे. मी विचारलं, कसली. नाचाची, म्हणाली. मी म्हटलं, माझ्या शेडीत होड्या होतात, नाच होत नाहीत. ती म्हणाली, ठीक आहे, हर्ण्याला एका मेस्त्रीची अशीच शेड रिकामी आहे असं ऐकलंय, तिकडे विचारते.

हर्ण्याचा तो मेस्त्री मला ठाऊक होता. त्याच्या होड्या पाण्यात उतरल्या की आधी पोटभर पाणी पितात, मग चालतात. मी मास्तरणीला म्हटलं, कधीपासून पाहिजे शेड?

तिला लाकडाची जमीन हवी होती. मातीवर नाही, फरशीवर तर नाहीच. मुली उड्या मारणार, खाली येताना जमिनीने किंचित दबून त्यांना झेललं पाहिजे, नाहीतर सगळ्यांचे गुडघे माझ्यासारखे होतील, म्हणाली. हे मला लगेच पटलं. लाटेवरून खाली आपटणाऱ्या होडीला तेच लागतं. तिने सगळं कागदावर काढून आणलं होतं. मी तो कागद तिला परत दिला. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. होडी कागदावर होत नाही, डोळ्यात होते, असं मी तिला सांगितलं. तिने काठी जमिनीवर एकदा आपटली.

खाली आईनाच्या लाकडाचे आडवे वासे टाकले, वर सागाच्या फळ्यांची तक्तपोशी. एकही खिळा डोकं वर काढून बसलेला नाही. भिंतीच्या कडेने मुलींनी धरायचा लांब दांडा लावला, त्याला मास्तरीण बार म्हणायची. तो मी वल्ह्यासारखा तासून गुळगुळीत केला. मास्तरणीने अनवाणी पायांनी सगळ्या जमिनीवरून चालून बघितलं, मधोमध उभी राहून टाच जरा उचलली, खाली टेकवली आणि डोळे मिटले. म्हणाली, मेस्त्री, परदेशात पण अशी मिळाली नव्हती. हे वाक्य मी आमच्या म्हातारीला इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी मी तोंड उघडलं की पुढचं तीच म्हणायची.

मुली डझनभर जमल्या. काही गावातल्या. काही बाहेरच्या, नाटे गावाची, हर्ण्याची, संगमेश्वरची, त्या मास्तरणीच्याच घरी राहायच्या. आणि एक माझी नात. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, आखातात जहाजावर. आई आणि ती आमच्याकडे. नऊ वर्षांची होती. पहिल्या दिवशी शेडच्या दारात उभी राहून बघत होती, तर मास्तरणीने काठीने तिच्या घोट्याला हलकेच टोचलं आणि म्हणाली, ही पण. मी म्हटलं, मला कुणी विचारलं नाही. तर म्हणाली, "शेड तुमची आहे, मेस्त्री. पाय तिचे आहेत."

मला वाटलं होतं, नाच म्हणजे महिनाभरात काहीतरी नाचून दाखवतील. कसलं काय. टाचेला टाच लावायची, पावलं बदकासारखी बाहेर काढायची, दांडा धरायचा, गुडघे फाकवून खाली जायचं आणि वर यायचं. सकाळी शाळेच्या आधी तेच, संध्याकाळी शाळेनंतर तेच. एक अख्खं वर्ष. मी म्हातारीला म्हटलं, बसायला आणि उठायला शिकायला वर्ष लागतं काय गो? ती म्हणाली, तुमाला आता जमतंय का बघा.

केस इतके घट्ट बांधायचे की भुवया वर ओढल्या जायच्या. सगळ्या मुली सदा नवल वाटल्यासारख्या दिसायच्या. खाण्याचे पण नियम. तळलेलं नको, मास्तरणीने सांगितलेलं. हर्ण्याची मुलगी बुटांच्या पिशवीत सुके बोंबील लपवून आणायची. ती गिरकी घेऊन गेली की कोण गेलं ते डोळे मिटून कळायचं. मास्तरणीने एकदा नाक वर करून विचारलं, कोणाकडे आहेत? तर सगळ्या पोरी एकदम पाय वर करून उभ्या. एवढी सुंदर शिस्त त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

गाणं टेपवर लागायचं, पियानोचं. आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. वीज गेली की टेप बंद, मग मास्तरीण काठी आपटून ताल द्यायची. शेडच्या बाहेरच्या अंगाला मी जुन्या होड्यांची डागडुजी करत असायचो. एकदा वीज गेलेली, आत पोरी उड्या मारतायत, बाहेर माझा हातोडा चाललेला. मास्तरीण दारात आली आणि म्हणाली, मेस्त्री, एक तर तालात ठोका, नाहीतर ठोकू नका. तेव्हापासून मी तालात ठोकायला लागलो. कामाला वेळ जास्त लागायचा, पण खिळे सरळ जायचे, हे खरं.

दुसऱ्या वर्षानंतर मोठ्या मुलींना कडक टोकाचे बूट मिळाले. ते घालून बोटांच्या टोकावर उभं राहायचं. मी एक बूट फाडून बघितला, आत लोखंड असेल म्हणून. काही नाही, कापड आणि खळ. एवढ्या कापडाच्या जिवावर पोर उभी राहते. त्याचं टोक आठवड्याभरात फाटायचं. मास्तरणीने सुईदोऱ्याने रफू करायला शिकवलं, पण ते टिकेना. मग नाट्याच्या मुलीने बापाची जाळं विणायची सुई आणली आणि टोकावर जाळ्याची गाठ मारून विणून टाकलं. मास्तरणीने चष्मा लावून ते उलटसुलट बघितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरी खाली बसून जाळी विणतायत. बूट घसरू नये म्हणून टोकाला राळ लावतात, ती मास्तरीण मुंबईहून मागवायची. मी माझा डबा नेऊन पुढ्यात ठेवला. होडीच्या फटी भरायला मी तीच वापरत आलो. तिने वास घेतला, बोटाने चोळली, आणि त्या दिवसापासून माझी राळ शाळेच्या कोपऱ्यात. मी स्वतःला शाळेच्या स्टाफमध्ये धरायला लागलो. मास्तरणीने तसं कधी म्हटलं नाही, पण नाही असंही म्हटलं नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून होती. नव्या मुली गिरक्या घ्यायला लागल्या की घसरत घसरत भिंतीकडे जायच्या. अर्ध्या या भिंतीकडे, अर्ध्या त्या भिंतीकडे. मास्तरीण म्हणायची, नव्या मुलींना सगळ्यांनाच भिंतीची ओढ असते, दांडा सोडवत नाही. "मध धरा, मध धरा", म्हणजे मधोमध राहा, म्हणून ओरडायची. वर्षभरात त्यांना मध धरायची सवय व्हायची, आणि मास्तरीण खूश व्हायची आपल्या शिकवण्यावर.

मुंबईला बॅलेची एक मोठी शाळा आहे. तिथे पुढचं शिकून नाचावरच पोट भरतात. तिथली एक परीक्षक बाई दर वर्षी यायची आणि एखादी मुलगी निवडून न्यायची. एखाद्या वर्षी एकही नाही. बारा वर्षांच्या पुढे मात्र घेत नाहीत. २००१ साली नात बारा वर्षांची झाली. म्हणजे निवडली तर त्याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. तिला दुसरं काही दिसतच नव्हतं. भाकरी खातानासुद्धा एक पाय कपाटावर टाकलेला. मी तिला जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी परीक्षक बाईने सांगितलं, शेडमध्ये नको, मोठ्या स्टेजवर बघायचं आहे. म्हणून गावातलं नाट्यगृह घेतलं. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मास्तरीण सगळ्यांना तिकडे तालमीला घेऊन गेली. मी पण गेलो, स्टाफ म्हणून.

टेप लागली. पोरींनी गिरक्या सुरू केल्या आणि बघता बघता सगळ्या स्टेजच्या मधोमध गोळा झाल्या. जाळं ओढल्यावर मासळी येते तशा. एकीची कोपरं दुसरीच्या पोटात. मास्तरणीने पुन्हा करायला लावलं, पुन्हा तेच. नात तर नाट्याच्या मुलीवर आदळून खालीच बसली. मास्तरीण स्टेजवर चढली, स्वतः एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे टाकून बघितलं. मी खालून म्हटलं, स्टेज वाकडं आहे यांचं. तिने टेप बंद केली. मला ते बरं वाटलं नाही.

तिथून सगळ्या तशाच शेडवर आल्या. नात माझ्या शेजारी बसली. मला वाटलं, लागलं असेल, म्हणून जवळ बसली. तिने माझी चंची सोडली, तिच्यातला एक रोठा काढला. रोठा म्हणजे आमच्याकडची मोठी सुपारी, लाडवासारखी गोल. उठून शेडच्या मधोमध गेली आणि सुपारी जमिनीवर ठेवली. सुपारीने जरा विचार केला. मग निघाली. आधी हळू, मग जोरात, आणि भिंतीला जाऊन टक् करून लागली. नातीने दुसरा रोठा ठेवला. तो समोरच्या भिंतीला गेला.

एकही पोर हसली नाही.

मास्तरीण म्हणाली, "मेस्त्री, ही जमीन मधे उंच आहे."

"असणारच," मी म्हटलं. "डेक हाय तो. मधे फुगवटा नसला तर पाणी साचतं. पाणी साचलं की लाकूड कुजतं."

"इथे पाणी कुठून येणार?"

"म्हणून तर कुजलं नाय."

तिने काठीवर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, तीन वर्षं माझ्या मुली डोंगरावर नाचतायत आणि मी म्हणतेय, मध धरा. आता त्या सपाट जागेवर पण चढ चढतात. मी म्हटलं, डोंगर कसला, बोटभर तर उंच आहे. ती म्हणाली, मी हर्ण्याच्या मेस्त्रीला बोलावते.

ते सुद्धा मी गिळलं असतं. पण नातीने विचारलं, "आबा, मी जाऊ नये म्हणून केलंत?"

ती रडत नव्हती. रडली असती तर सोपं होतं. मुद्दाम केलं म्हणावं, तर मी नातीचं वाईट चिंतणारा. मुद्दाम नाही म्हणावं, तर पन्नास वर्षांत सपाट जमीन करता न येणारा मेस्त्री. मी उठलो आणि घरी आलो.

म्हातारीला सगळं आधीच कळलं होतं. आमच्याकडे बातमी चालत नाही, उडत येते. संध्याकाळी जेवायला वाढताना म्हणाली, दोनातलं एक काय ते बोला, म्हणजे पोर जेवेल. मी म्हटलं, तिसरं पण असू शकतं. ती म्हणाली, काय तिसरं? मी भाकरी मोडायला लागलो. नात भिंतीकडे तोंड करून बसलेली.

मग म्हातारीने एक केलं. ती ज्या पाटावर बसली होती तो तिने खालून काढला आणि नातीच्या पुढ्यात ठेवला. तो पाट मी आमच्या लग्नाच्या वेळी केलेला, फणसाचा. म्हणाली, "ठेव गो बाय ह्यावर सुपारी."

नातीने चंचीतून रोठा काढून पाटाच्या मधे ठेवला. रोठा विचार न करताच निघाला आणि माझ्या ताटात जाऊन पडला.

"चाळीस वर्षं ह्या पाटावरून घसरतेय मी," म्हातारी म्हणाली. "तेव्हा काय मी मुंबईला जाऊ नये म्हणून केला होता?"

सुनेने पदर तोंडावर धरला. नातीने देवाचा चौरंग आणला, त्यावर ठेवला. घरंगळला. खिडकीच्या फळीवर ठेवला. घरंगळला. पाळण्याचा तळ बघू म्हणून माळ्यावर चढायला निघाली, ज्या पाळण्यात तिचा बाप आणि ती स्वतः वाढली, तेव्हा मी म्हटलं, पुरे. म्हातारी म्हणाली, आता कळलं ना तुझा बाप झोपेत एका कडेला का जायचा. मग नात हसायला लागली. थांबेचना. हसता हसता माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

मी म्हटलं, "माझ्या हाताला सपाट येत नाय, बाय. हाताने कधी केलंच नाय."

आयुष्यात हे वाक्य मी एकदाच बोललो आहे आणि तेही घरात. होडीसाठी मात्र तोच हात बरोबर आहे, हे इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी फळ्या काढायला घेतल्या. मास्तरीण दारात उभी. मी म्हटलं, हर्ण्याला निरोप पाठवला असेल तर मागे घ्या, माझ्या जमिनीला दुसऱ्याचा रंधा लागायचा नाही. ती म्हणाली, निरोप पाठवलाच नव्हता. एवढी शिकलेली बाई, पण माझ्यावर कुठली कळ दाबायची ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पोरी खिळे उपसायला बसल्या. खिळे उपसताना पण पाठ ताठ आणि मान लांब. दोघी दोघी फळी उचलून बाहेर नेताना पावलं बदकासारखी. रस्त्यावरून जाणारे उभे राहून बघायचे. मी खालचे वासे मधे तासले. लेव्हल बघायची बाटली माझ्याकडे नव्हती, कधी लागलीच नाही. उसनी आणायचा तर प्रश्नच नव्हता. मी रंधा मारायचो, नात फळी टेकवून तिच्यावर रोठा ठेवायची आणि म्हणायची, गेला. मी परत मारायचो. गेला. आबा, अजून गेला. शेवटी एकदा तिने ठेवला आणि काही बोललीच नाही. मी वर बघितलं. रोठा जागच्या जागी बसला होता, नवऱ्या मुलासारखा.

पोरी सपाट जमिनीवर उभ्या राहिल्या तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्यांची पुन्हा मधे टक्कर. हर्ण्याची मुलगी म्हणाली, मॅडम, आता मध सोडा म्हणा. मास्तरीण काठी घेऊन त्यांच्यामागे फिरत होती, आणि मी दारात बसून सुपारी कातरत होतो. परीक्षेच्या आदल्या दिवशीपर्यंत पोरी जागेवर आल्या. नातीचं शेवटपर्यंत एक पाऊल मधल्या बाजूला सरकत होतं. तिने ते मला सांगितलं, मास्तरणीला नाही.

परीक्षेला मी नाट्यगृहात मागच्या ओळीत बसलो. नातीचा नंबर आला. दांड्याचं झालं, उड्या झाल्या. मग गिरक्या. मी तिच्याकडे बघितलंच नाही, तिच्या पायाखालच्या फळीकडे बघितलं. त्या फळीवर सुरू झालं आणि त्याच फळीवर थांबलं. थांबल्यावर ती डोळ्यांनी मला शोधत होती. मी छताकडे बघितलं. छत बरं केलं होतं त्यांनी.

परीक्षक बाईने सगळ्या मुलींच्या बुटांची टोकं हातात घेऊन बघितली, जाळ्याच्या गाठीवरून बोट फिरवलं. मग मास्तरणीशी बोलली. मग मास्तरीण काठी न टेकता माझ्यापर्यंत चालत आली आणि म्हणाली, मेस्त्री, जूनपासून. एवढंच म्हणाली. मी मान हलवली. नातीला आईने कवटाळलं होतं, नाट्याच्या मुलीने कवटाळलं होतं, मला जागाच नव्हती.

मी परीक्षक बाईकडे गेलो. विचारलं, तुमच्या शाळेतली जमीन कुणी केलीय? ती म्हणाली, कुणीतरी कंत्राटदार होता, खूप वर्षं झाली.

"सपाट हाय?"

"असेल ना," ती म्हणाली.

असेल म्हणणाऱ्याच्या होडीत मी जन्मात पाय ठेवला नाही. घरी आल्यावर म्हातारीने गोडाचं केलं. नात पाटावर बसून मुद्दाम घसरून दाखवत होती. सगळे हसत होते, मी पण. मला मात्र ते ‘असेल ना’ काही घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. म्हातारीने विचारलं, कुठे? मी सांगितलं. तिने भाकरी आणि सुकट बांधून दिली आणि म्हणाली, बघून या, पण तिथे रंधा काढू नका. मी चंचीतून तो रोठा काढून वेगळा खिशात टाकला, स्टेशनवर गेलो आणि मुंबईच्या गाडीत बसलो.